गाडीत बोललेली मराठी

दुबई, १२ जानेवारी १९९९

प्रिय तन्मय,

तुला जाऊन चार महिने झाले आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. मुलगी झाल्याचं मावशीकडून कळलं. प्रत्येक मुलाखतीत तुला गल्फ का सोडलं म्हणून विचारतात, तेही तिनंच सांगितलं. हेमू, त्याला काढलं तरी कशासाठी, असं ती विचारते आणि मी चौकशी चालू आहे म्हणून फोन ठेवतो. चौकशी केव्हाच संपली. पाइपलाइनचं कामही कायमचं बंद पडलं. खोर फक्कानच्या डोंगरात तू उन्हात उभं राहून ठोकून घेतलेल्या खुणेच्या पाट्या गेल्या आठवड्यात उपटून आणल्या. माझ्या टेबलामागे त्यांचा ढीग पडलाय.

परदेशी भागीदार गेल्यावर दुसरा कोणी आला नाही. तेल पिंपाला दहा डॉलरवर आलंय. आखाताच्या चिंचोळ्या तोंडातून टँकर न नेता डोंगरापलीकडच्या समुद्रावर थेट तेल उतरवायचं, यात आता पैसा कोण घालणार? युद्धानंतर हेच लोक किती भरभरून बोलत होते. आता पाइपलाइन जिथून जायची त्या दोन्ही अमिरातींचे साहेब एकमेकांकडे बोट दाखवतात, मीटिंगला इन्शाल्ला म्हणतात आणि येत नाहीत. आपली निम्मी माणसं जबल अलीच्या गोदामांत नोकरी शोधतायत. मला ठेवलंय, फाइली बंद करायला.

तुझी आठवण गाडीत जास्त येते. साइटवर जाताना तय्यब गाडी चालवायचा, आपण मागे. त्याच्याशी हिंदी, आपसात मराठी. इथले आपण सगळे असेच. लिफ्टमध्ये, दुकानात, बॉससमोरसुद्धा बिनदिक्कत कोणाचीही सालटी काढतो, कोणाला कळतंय म्हणून. तू तेवढा वेगळा. त्या दिवशी तुझ्या बोअरिंगचा रिपोर्ट आला होता. डोंगरातला खडक भुसभुशीत, खर्च दुप्पट. भागीदाराची सही होईपर्यंत हे बाहेर जाता कामा नये, असं वरून बजावलं होतं. आणि मी वाटेतल्या मसाफी गावापर्यंत तेच चघळत बसलो, आकड्यांसकट. दादा, ऑफिसचं गाडीत नको, असं तू दोनदा म्हणालास. मी तुला भित्रा म्हणून हसलो.

दहा दिवसांनी भागीदार सहीआधीच उठून गेला. रिपोर्टातले आकडे त्याच्याकडे पोचले होते. हे कोणाकोणाला माहीत होतं, असं चौकशीत मला विचारलं. मी म्हणालो, रिपोर्ट तन्मयकडे होता. खोटं नव्हतं रे ते. पण त्यांनी पुढचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझा व्हिसा रद्द, कायमची बंदी, आणि शुभ्रा सातव्या महिन्यात विमानात. एअरपोर्टवर तूच मला धीर देत होतास. लाज मला तेव्हाही वाटली, पण तोंड उघडलं नाही.

शनिवारी जबल अलीहून परतताना तय्यबनं गाडी कडेला घेतली आणि माझ्याशी मराठीत बोलायला लागला. तो दापोलीचा आहे. शाळा मराठीच. पहिल्या दिवशी आपण हिंदीत सुरुवात केली, मग सांगायचं राहून गेलं म्हणाला. दोन वर्षं त्यानं सगळं ऐकलं, आपण त्याच्याबद्दल बोललो तेसुद्धा. प्रोजेक्ट बुडून नोकरी जाईल या धास्तीनं त्यानं त्या दिवशीचं बोलणं मेहुण्याला सांगितलं, आणि मेहुणा भागीदाराच्या ऑफिसात कारकून. पैसाबिसा काही घेतला नाही. तन्मयसाहेबांची चूक नव्हती, मी जाऊन सांगतो, असं म्हणून रडत होता. मी त्याला गप्प बसवलं. त्याला चार मुली आहेत, हे खरं. पण तो बोलला तर माझं नाव निघेल, म्हणून गप्प बसवलं.

या पाकिटात एक कागद आहे. इंग्रजीत, माझ्या सहीचा. आकडे गाडीत मी बोललो, तन्मयनं मला अडवलं होतं, एवढंच त्यात आहे. तय्यबचं नाव नाही. तीन वेळा तो घेऊन मॅनेजरच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. माझ्याच्यानं होत नाही, तन्मय. म्हणून हे पत्र. कागद तू कंपनीला पाठव. त्यांनी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही, तेवढं माझ्याकडून होईल. तुझ्यावरची बंदी उठेल, मला काढतील, घरच्यांचाही व्हिसा जाईल. माझ्या मिहिकाची बारावीची परीक्षा मार्चअखेर संपते. हे लिहायला नको होतं, दोनदा खोडलं, आणि तरी लिहितोय.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझाच,
हेमूदादा