जिन्याखालची चौथी डिस्क

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची! बॅग टेकवायच्या आतच ताईने मला मिठीत घेऊन तपासून काढलं. किती वाळलीस, डोळ्यांखाली हे काय, केस कुणी कापले असे. मी त्रेचाळीस वर्षांची, पण तिच्यासाठी अजून चिमीच. बारा वर्षं पाळ्यापाळ्यांनी कंपन्यांचे सर्व्हर सांभाळले आणि शेवटी डॉक्टरांनी दोन महिन्यांची सक्तीची रजा लिहून दिली. ताई फोनवर म्हणाली, ये इकडे, हवापालट होईल, आणि जमलं तर यांचं मशीनही बघ जरा. म्हणजे दमलेल्या हमालाला विश्रांती म्हणून एक लहानसं पोतं.

घर मात्र झकास. खाली ताईची शिवणाची खोली, मोठ्या खिडकीपाशी तिचं पायडलचं मशीन, टेबलावर खडू, टेप, एका बाहीचे झगे. वर दोन खोल्या. मला भावोजींची दिली आहे. त्यांना जाऊन आठ महिने होतील. फुप्फुसं हळूहळू निकामी होत गेली, शेवटची दोन वर्षं ते याच पलंगावर होते. गादी नवी घातलीय, ताईने तीनतीनदा सांगितलं.

त्यांचं मशीन जिन्याखालच्या कपाटात आहे. स्वतः जुळवलेला घरगुती सर्व्हर. घरातले सगळे फोटो, गाणी, ताईची कपड्यांची चित्रं त्याच्यात. चार डिस्क आहेत, पैकी चौथी नोव्हेंबरपासून दिसत नाही. दुकानातला मेकॅनिक म्हणाला, सिस्टिमच पुरातन आहे, आधी ती बदला. ताईला नेमकं चौथीवरचंच हवंय. काय आहे तिच्यावर, विचारलं. म्हणाली, यांचा आवाज.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी तीन डिस्कवरचं सगळं बाहेर उतरवून ठेवलं, मग नवी सिस्टिम चढवली. दुपारी दोनला पडदा छान उजळला. डिस्कची यादी उघडली, तर एकही नाही. काल चारातल्या तीन दिसत होत्या, आज शून्य. प्रगती म्हणतात ती हीच.

ताई पाठीशी उभी होती. तिने विचारलं, गेलं का सगळं? मी म्हटलं, अगं, डिस्क कुठे जात नाहीत. नव्या सुनेला चुलत सासरे ओळखू येत नाहीत, तसं झालंय. ओळख करून द्यावी लागेल. ती हसली नाही. मोटार फिरतेय का, म्हणून कपाटाच्या दाराला कान लावून उभी राहिली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कारण सापडलं. या डिस्क सरळ मशीनला लागत नाहीत, मधे एक जुनं कार्ड आहे. ते चालवणारा ड्रायव्हर नव्या सिस्टिममधून काढून टाकलाय. दोन दिवस शोधून शोधून एका जुन्या खोडाने लिहून ठेवलेली युक्ती मिळाली. चार वेळा फसली, पाचव्यांदा लागली. तीन डिस्क आल्या! चौथी अजून नाहीच.

इथली झोप मात्र काय सुरेख. डोकं टेकलं की सकाळ. कितीतरी वर्षांत अशी झोपले नव्हते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पेटी उघडली. खरं तर पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. नवशिक्यांना मी हेच शिकवते आणि स्वतः मात्र तीन दिवस पडद्याशी डोकं फोडत बसले. चौथी डिस्क कोमट होती, आत फिरतही होती. वीज होती, पण माहितीची केबल काढलेली. निसटलेली नव्हे, काढलेली. टोक दुमडून त्याला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गच्च गुंडाळली होती, पाच-सहा वेढे.

ताईला विचारलं. शिवणावरून नजर न उचलता ती म्हणाली, नर्सबाईंचं काम असेल. भावोजींना सांभाळायला होत्या त्या. ते गेल्यावरही ताईच्या सोबतीला नोव्हेंबरपर्यंत राहिल्या, माझ्याच खोलीत. मग त्यांची तब्येत बिघडली आणि गेल्या.

पट्टी सोलून केबल जोडली, मशीन चालू केलं. चार! माझा जीव भांड्यात पडला. ताई तर रडायलाच लागली. मग तिने सगळं सांगितलं. खाली शिवताना भावोजींचा श्वास चाललाय की नाही ते कळावं, म्हणून त्यांनी पलंगाच्या डोक्याशी माइक बसवला होता आणि तिच्या मशीनपाशी एक छोटा स्पीकर. जे ऐकू येई ते आधी या डिस्कवर साठे आणि तिथूनच स्पीकरला जाई. तिला दुसरं काही नको, तो श्वास तेवढा हवा. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस लिहायला बसलेच नाही. भारी थकवा. इतक्या दिवसांचा शीण आता बाहेर पडत असणार. सकाळी दहाला उठते, जिना उतरून खाली बसते आणि धाप लागते. ताई मात्र खुशीत आहे, शिवताना गुणगुणते. तिचा स्पीकर दिवसभर चालू असतो.

दुपारी चौथ्या डिस्कची प्रत काढायला घेतली. एका दिवसाची एक फाइल, नीट ओळीने. भावोजी गेले सतरा जूनला. फायली तिथे संपत नाहीत. एकवीस नोव्हेंबरपर्यंत रोजची एक आहे. मग खंड, आणि सहा फेब्रुवारीपासून पुन्हा रोज.

साधी गोष्ट आहे. माइक कुणी बंदच केला नाही. तेव्हा खोलीत नर्सबाई होत्या, आता मी आहे. म्हणजे माझं घोरणंही जपून ठेवलं जातंय!

११ फेब्रुवारी, बुधवार

आज हेडफोन लावून सात तारखेची फाइल ऐकली. ऐकायला नको होती.

श्वास दोन आहेत.

प्रतिध्वनी म्हणून सोडून दिलं असतं, पण आवाज पडद्यावर रेघेसारखाही दिसतो. एक उंच लाट, माझी. तिच्यामागे एक बुटकी, तिच्या गतीने न चालणारी, टोकाला बारीक शीळ असलेली. पहाटे पाणी प्यायला मी उठले होते. त्या पाच मिनिटांत उंच लाट नाहीशी होते. बुटकी तिथेच राहते. पलंगावर.

नर्सबाईंच्या महिन्यांतल्या फायली ऐकल्या. तिथेही दोन.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी माइकची वायर भिंतीतून उपटली. माइक गुंडाळून खालच्या टेबलाच्या खणात टाकला. दुपारी बघते तर आजची फाइल वाढतेच आहे.

ताईसमोर जाऊन बसले. सगळं सांगितलं. तिने कात्री खाली ठेवली आणि माझा हात हातात घेतला. तिला माहीत होतं. जूनपासून. ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी स्पीकरमधून श्वास यायला लागला, अगदी बारीक. पहिला महिना ती स्वतः त्या पलंगावर झोपली. ती झोपली की श्वास बळावायचा. मग तिच्यात पायडल मारायचीही ताकद राहिली नाही आणि तो पुन्हा खाली खाली जायला लागला.

म्हणून मग नर्सबाई, मी म्हटलं.

ती म्हणाली, "मी कुणाला काही केलं नाही गं, चिमे. नुसती खोली दिली."

आणि मला?

"तुला झोपेची गरजच होती ना? मग झोप की. श्वास तेवढा चालू राहू दे त्यांचा. बाकी काही मागत नाही मी."

आईच्या मागे मला वाढवलं ते हिनेच. रागावताही आलं नाही. रागावायला दम लागतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बॅग भरली. दोन कपड्यांनंतर बसावं लागलं.

नर्सबाईंना फोन लावला. दोन-दोन शब्दांवर थांबत बोलत होत्या. म्हणाल्या, केबल मीच काढली. डिस्क फोडायचं धाडस झालं नाही, बाईंचे फोटो असतील तिच्यावर असं वाटलं. मला म्हणाल्या, काढा आणि त्याच दिवशी घर सोडा. केबल जोडून किती दिवस झाले, असं त्यांनी विचारलं. सात, मी म्हटलं. मग त्या म्हणाल्या, मला चार महिने लागले होते हो — तो शिकलाय आता —

कोण, मी विचारलं. भावोजी?

त्या म्हणाल्या, साहेबांना मी दोन वर्षं ऐकलंय. त्यांचा श्वास मला झोपेतही ओळखू येईल. हा त्यांचा नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ऐकून पाहिलं. जूनआधीची एक फाइल, जूननंतरची एक. भावोजींचा श्वास अडखळत येई, मधेच खोकला, मधेच "अगं ए" अशी हाक. नंतरच्यात खोकला नाही. हाक नाही. शीळ तेवढी तीच, कुणीतरी नक्कल करावी तशी.

ताईला ऐकवलं. तिने हेडफोन काढून ठेवले. म्हणाली, आजारातून उठल्यावर माणसाचा श्वास बदलतोच. शिवायला बसली.

१५ फेब्रुवारी, रविवार

केबल काढायला गेले. ताई कपाटाला पाठ लावून बसलेली. जेवलीही नाही तिथून उठून. ढकलायचं म्हटलं तरी हातात —

सोफ्यावर पडले. वर जायचं नाही असं ठरवलं होतं. जाग आली तेव्हा पलंगावर होते. ताईच्या अंगात एवढी ताकद नाही. मग मला वर —

आजच्या फाइलमध्ये बुटकी लाट उंच आहे. उंच होती ती —

१६ फेब्रुवारी, सोमवार

दुपार. खिडकीतून ऊन. समोर बेकरीवाला पाव मोजतोय. हाक मारली. आवाज काचेपर्यंतही —

बॅग दाराशी. सात पावलं. दोनदा मोजली.

खाली ताईने स्पीकर मोठा केलाय. इथवर येतो. एकच श्वास. लांब, भरलेला, निवांत. एकच का —

माझा असेल. माझाच. नक्की करायला हवं. दहा अंक श्वास रोखून धरते. थांबला तर माझा.

एक दोन तीन —

थांबला नाही.

खाली ताई हसतेय. म्हणतेय, ऐकलंस का चिमे, किती छान —

आता सोडते. सोडला. पुन्हा आत घ्यायचा तर छाती वर —

घेताच ये