सगळ्यात मागची गाडी

शनिवार, संध्याकाळ. कासारवाडी.

माझ्याच तोंडून ते कसं निघालं, कळत नाही.

जुन्या गाड्यांच्या आमच्या आठवडाभराच्या राइडचा आज सहावा दिवस. दादा, आमचे रिटायर्ड फोरमन, दरवर्षी सगळ्यात मागे असायचे, पाने आणि जादा प्लग घेऊन. कुणाची गाडी बंद पडली तर सोबतीला. म्हणून प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि दादांची गाडी आली की निघायचं, हा आमचा नियम. दिवाळीनंतर दादा गेले. यंदा सगळ्यात मागे कोण, हे कुणी ठरवलंच नाही.

चाकणच्या पुढच्या फाट्यावर मी थांबलो. एकेक करत सगळे आले.

"निघायचं का, भाऊ?" सुनील म्हणाला.

"थांब, दादांना येऊ दे."

सुनीलने गाडी बंद केली. मग बाकीच्यांनीही केल्या, आणि आम्ही सगळे मागच्या रस्त्याकडे बघत उभे राहिलो.