हळदीचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस गाडीखाली हिरवं पाणी सांडत होतं. रेडिएटर गळतोय असं मी सांगितलं, तर यांनी माझ्याच डब्यातली हळद त्यात ओतली. म्हणे, भोक बुजते.

आज कारध्याच्या पुलाजवळ काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ निघाली. हे रेडिएटरचं झाकण उघडायला धावले. मी हात धरला. "अहो, थांबा, पाणी उकळून राहिलं!"

"तुले काय समजते गाडीतलं?" म्हणत फाडकन थोबाडीत मारली. भर रस्त्यात. मग झाकण फिरवलं आणि उकळती पिवळी धार यांच्या हातावर, छातीवर उसळली. हे किंचाळले. बाटलीतलं गार पाणी मीच ओतलं, पण लगेच नाही. क्षणभर नुसती पाहत राहिले. का? ते पिवळं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

दवाखान्यात यांची पट्टी चालू असताना, गाडी ओढून नेलेल्या मेकॅनिकचा फोन आला. "वहिनी, हळदीनं पुरी जाळी चोंदली. नवाच रेडिएटर बसवा लागन."

फोन ठेवला तेव्हा नर्स माझ्याकडे बघत होती. "ताई, तुमच्या गालाले काय झालं जी?"

"वाफ लागली तिले," हे घाईने म्हणाले.

"वाफ नाही," मी म्हणाले, "यांचा हात लागला."