जादा मॅगझिनांची चाचणी व आपले घरी न येणे

प्रति,
मा. शस्त्रागार अधिकारी,
राखीव पहारा दल,
मुख्य शस्त्रागार, मागील इमारत, तळमजला.

विषय : जादा मॅगझिनांच्या चाचणीचे काम एकट्याने न करण्याबाबत व इतर कौटुंबिक बाबींबाबत विनंती अर्ज.

संदर्भ : १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज.
२) त्यास आपल्या कार्यालयाने दिलेले, आपल्या सहीचे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार हा पाणीपुरवठा कार्यालयातून आवक-जावक कारकून म्हणून निवृत्त झालेला असून नात्याने आपला सासरा आहे. नातेवाइकाने कार्यालयात अर्ज टाकणे बरे दिसत नाही, याची अर्जदाराला पूर्ण कल्पना आहे. परंतु अर्जदार खोलीवर आला असता आपण दार उघडत नाही, फोन उचलत नाही, आणि निरोप घेऊन येणाऱ्याला साहेब कामात आहेत असे सांगून बाहेरूनच परत पाठवले जाते. अर्जाचे तसे नसते. अर्ज खिडकीवर घ्यावा लागतो, त्यावर शिक्का मारावा लागतो आणि तो साहेबांच्या टेबलावर ठेवावाच लागतो. अर्जदाराने जन्मभर दुसरे काही केलेले नसल्यामुळे एवढे त्याला पक्के ठाऊक आहे. दुसरा रस्ता उरला नाही म्हणून हा कागद.

२. यापूर्वीच्या अर्जात अर्जदाराने अशी मागणी केली होती की, शस्त्रागारातील जादा मॅगझिने ग्रीस लावून, मेणकागदात गुंडाळून, पेटीत नुसती सांभाळून न ठेवता त्यांत गोळ्या भराव्यात, ती रायफलला लावावीत आणि मैदानावर चालवून पाहावीत. ही मागणी आपण तत्काळ मान्य केलीत, याबद्दल अर्जदार आभारी आहे. आपले उत्तर दोन ओळींचे होते : मागणी मान्य, चाचणी सुरू आहे. अर्जदाराच्या पत्नीने तो कागद चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून ठेवला आणि सहीवरून नुसते बोट फिरवले. म्हणाली, हात दुखतोय त्यांचा. अर्जदाराला सहीत तसे काहीच दिसले नाही. पण तिचे म्हणणे खरे निघाले, त्याचा उल्लेख पुढे येईल.

३. आपले लग्न झाल्यापासून दर रविवारी दुपारी आपण दोघे अर्जदाराकडे जेवायला येत होता. दोघेही एकाच दलातले. आपण शस्त्रागारात, अर्जदाराची मुलगी वीज उपकेंद्राच्या फाटकावर पहाऱ्याला. त्यामुळे जेवताना दलाचेच विषय निघत आणि त्यातला एक वाद तर ठरलेलाच असे. आपले म्हणणे, जादा मॅगझिन हे अडीअडचणीसाठी असते. ते पुसून, ग्रीस लावून, हवा लागू न देता ठेवावे. उगाच भरा आणि उतरवा केले की स्प्रिंग दमते आणि तोंडाच्या कडा वाकतात. मुलीचे म्हणणे, दमलेली स्प्रिंग परवडली, ती दमली आहे हे निदान हाताला कळते तरी. बंद पेटीतल्याची खात्री कोणी द्यायची? एका रविवारी ती घास हातात तसाच धरून म्हणाली, "पेटीतलं मॅगझिन आणि न बोलणारा नवरा, दोन्ही सारखेच. ऐनवेळी चालतील की नाही, देव जाणे." आपण त्यावर काहीच न बोलता पाण्याचा पेला उचललात, आणि म्हणूनच सगळ्यांना अधिक हसू आले. आपणही हसलात. अर्जदाराच्या पत्नीला ठसका लागला होता.

या वादात दोघांचेही बरोबर आहे असे अर्जदाराला तेव्हा वाटे आणि आजही वाटते. आपण ठेवलेल्या पेट्या वरिष्ठ मुद्दाम बाहेरच्या पाहुण्यांना उघडून दाखवत. मेणकागदाच्या घड्यासुद्धा एकसारख्या. मुलगी आपल्याशी भांडे, पण शेजारणींकडे याच पेट्यांचे कौतुक करून येई, हे कदाचित आपणास ठाऊक नसेल. म्हणून नमूद केले.

४. घडले ते आपणास अर्जदारापेक्षा जास्त माहीत आहे. तरीही अर्जात घटना लिहावी लागते.

मुलीच्या पट्ट्यातले एक मॅगझिन आदल्या दिवशी खाली पडून चेपले. नियमाप्रमाणे तिला त्याच्या बदली दुसरे मिळणार होते. आपण पेटीचे सील तोडलेत, मेणकागद सोडलात, मॅगझिन बाहेरून पुसलेत आणि तिच्या हातात दिलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, पहारा बदलायच्या सुमारास, वीज उपकेंद्रावर तांब्याच्या तारा लुटायला टोळी आली. त्यांच्याकडे ट्रक होता आणि बंदुका होत्या. मुलीसोबत पहाऱ्याला जाडा होता. (त्याचे खरे नाव दलात कोणी घेत नाही.) पहिली गोळी जाड्याच्या पायाला लागली. मुलीने त्याला ओढत भिंतीआड नेले आणि स्वतः फाटक धरून राहिली. पहिले मॅगझिन संपल्यावर तिने आपण दिलेले लावले. एक गोळी सुटली. थंडी कडाक्याची होती आणि आतले जुने ग्रीस गोठून चिकट झाले होते. स्प्रिंगने दुसरी गोळी ढकलली ती अर्ध्यातच अडकून बसली. ती मोकळी करायला मुलीने मान खाली घातली. जाडा भिंतीआडून पाहत होता. ती मान तिने पुन्हा वर केली नाही, एवढेच तो सांगतो, आणि तिथे थांबतो.

५. त्या संध्याकाळी सगळी माणसे पांगल्यावर घरात अर्जदार, त्याची पत्नी आणि आपण असे तिघेच उरलो. आपली लहानगी शेजाऱ्यांकडे झोपली होती. अर्जदाराची पत्नी दाराशी भिंतीला टेकून बसली होती. तिने आपणास विचारले, "ते मॅगझिन तुमच्या हातचं होतं का?"

आपण म्हणालात, "हो, आई. मीच दिलं."

मग आपण उठलात. बूट पायात घातले नाहीत, हातात घेतलेत आणि अनवाणी जिना उतरलात. अर्जदाराने वरून हाक मारली, आपण मागे पाहिले नाही. त्यानंतर आपण या घरात पाऊल ठेवलेले नाही. पत्नीने आपल्याला दोष दिला, असे अर्जदार धरून चालला. पोटची लेक गेलेल्या बाईला, तू असे का बोललीस, म्हणून विचारायची त्याची छाती झाली नाही. एकाच घरात दोन माणसे एकमेकांना चहा देत होती आणि बोलत नव्हती.

६. चौकशी समितीने यात कोणाचाही दोष नाही असा निर्णय दिला. दोष माझ्या नावावर लिहा, अशी मागणी आपण समितीपुढे उभे राहून केलीत आणि ती फेटाळण्यात आली, असे जाडा सांगतो. तो काठी टेकत का होईना, अर्जदाराकडे येऊन जातो. त्याच्याकडूनच असे समजते की, मॅगझिनांची चाचणी आपण कोणाला करू देत नाही. एकटेच भरता, एकटेच मैदानावर नेता, गोळ्या झाडता, पुसता, पुन्हा भरता. सगळी संपली की परत पहिल्यापासून सुरू करता. गोळ्या दाबून दाबून उजव्या हाताचा अंगठा फुटला आहे आणि आपण त्याला चिंधी गुंडाळून तेच काम पुढे रेटता. अर्जदाराने मागणी केली ती पहाऱ्यावरच्या पोरांसाठी. दुसऱ्या कोणाच्या लेकीची मान तशी खाली जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ होता. त्या मागणीपायी आपला अंगठा फुटावा, हे अर्जदाराच्या मनातही नव्हते.

परवा जाड्याने निघताना अर्जदाराला जिन्यात थांबवले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, मैदानावर साहेब एकटेच असतात. भरलेली रायफल आणि ते. मला तिथून हलवत नाही."

या मुद्द्यावर अर्जदार अधिक लिहू इच्छित नाही. कार्यालयीन भाषेत त्यासाठी शब्द असतील, पण त्याला आठवत नाहीत. आपण समजून घ्यावे.

७. आता ज्यासाठी हा अर्ज मुख्यतः केला आहे ते.

आपली मुलगी खारू अर्जदाराच्या घरूनच शाळेत जाते. गालात घास साठवून बसते म्हणून हे नाव आपणच तिला दिलेत. ती सवय अजून गेलेली नाही. गेल्या आठवड्यात सकाळी आजी तिची वेणी घालत असताना तिने विचारले, "बाबांनी आईला मारलं का गं? वर्गातला एक मुलगा म्हणाला."

पत्नीचा हात केसांतच थांबला. अर्जदार वर्तमानपत्र घेऊन समोर बसला होता, त्यालाही ते खाली ठेवता येईना. मग पत्नीने पुढची बट हातात घेतली आणि वेणी घालता घालता सांगितले, "नाही. बाबांनी आईला एक वस्तू दिली होती. ती आईने शेवटपर्यंत हातात घट्ट धरली होती." खारूने मान हलवली, दप्तर घेतले आणि ती शाळेत गेली.

ती गेल्यावर पत्नी अर्जदाराला म्हणाली, की त्या दिवशी जावयांना मी तेवढेच विचारत होते. लेकीच्या हातात शेवटी जे होते ते परक्याने दिलेले नव्हते ना, तिच्याच माणसाने पुसून दिलेले होते ना, एवढेच तिला ऐकायचे होते. ते "हो" म्हणाले तेव्हा तिला जरा बरे वाटले होते. ती पुढे काही बोलणार, तोवर ते उठलेच.

अर्जदाराने विचारले, मग त्यांना थांबवले का नाहीस? इतके दिवस निरोप का दिला नाहीस?

त्यावर ती जे म्हणाली ते अर्जदार तिच्याच शब्दांत देत आहे. "मला वाटलं, त्यांना माझं तोंड बघवत नाही. लेक माझ्यावर गेली होती."

महोदय, आपण या घरात येत नव्हता ते सासूने दोष दिला असे समजून. आणि सासू आपणास बोलावत नव्हती ती स्वतःचा चेहरा आपणास दिसू नये म्हणून. मधे अर्जदार होता. त्याने जन्मभर इकडचा कागद तिकडे आणि तिकडचा इकडे पोचवला, कधी एक गहाळ केला नाही. घरातल्या घरात हा एवढा निरोप मात्र त्याच्या हाती लागलाच नव्हता. तो लागल्याबरोबर विनाविलंब सादर केला आहे.

८. सबब अर्जदाराची नम्र विनंती की,

(अ) मॅगझिनांची चाचणी जरूर चालू ठेवावी, परंतु आपण एकट्याने करू नये. दोन माणसे सोबत घ्यावीत. जाडा बसून भरण्याचे काम करायला तयार आहे, त्याने तसे स्वतःहून सांगितले आहे.

(आ) अंगठा डॉक्टरांना दाखवावा.

(इ) खारूच्या वर्गातल्या त्या मुलाला कोणी काही बोलू नये. पण खारूला शाळेत सोडायला एकदा आपण यावे. वर्गाच्या दारापर्यंत. तिच्या हाताला धरून आपण चाललेले त्या वर्गाने पाहिले, म्हणजे अर्जदाराला किंवा त्याच्या पत्नीला तिथे जाऊन काही समजावण्याची गरज उरणार नाही.

(ई) अर्जदाराची पत्नी आपल्यासमोर येणार नाही, आपली तशी इच्छा असल्यास. ती स्वयंपाकघरात राहील, असे तिने सांगितले आहे. परंतु तिचे तोंड आपणास बघवत असेल, तर कृपया तसे कळवावे. तोंडी कळवले तरी चालेल.

मागण्यांपैकी सर्व मान्य करणे शक्य नसल्यास (इ) तरी मान्य व्हावी. अर्जदाराचे वय झाले आहे, त्याची पत्नी पूर्वीसारखी राहिली नाही, आणि त्या पोरीला आता आपणाखेरीज कोणी नाही. आपण गेलात तर अर्जदाराने अर्ज कोणाच्या नावे करायचा?

कळावे. उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : ११ फेब्रुवारी

सोबत : आपल्या उत्तराची प्रत. मूळ उत्तर अर्जदाराच्या पत्नीने देण्यास नकार दिला आहे.

- - -

शस्त्रागार अधिकाऱ्यांचा शेरा (अर्जाच्या समासात, हस्ताक्षरात) :

(अ) मान्य. जाडा व आणखी एकास उद्यापासून बोलवावे. मैदानाची किल्ली यापुढे पहारा नाईकाकडे राहील, माझ्याकडे नाही.

(आ) पाहू.

(इ) सोमवारी सकाळी येतो. तिला आधी सांगू नये. मला जमले नाही तर तिचे वाट पाहणे व्यर्थ जाईल.

(ई) आईंनी स्वयंपाकघरात जाऊ नये.

हा अर्ज आवकला नोंदलेला असल्याने काढून टाकता येणार नाही. तरी नक्कल फाइलला लावावी व मूळ अर्ज माझ्याकडे परत द्यावा.