कुलपाला एक तारा

ताकेंगोन,
१२ ऑक्टोबर

प्रिय अबांग सबर्दी,

सलाम. तू बरा असशील, बातामचा उकाडा आता अंगवळणी पडला असेल. इथे सगळे ठीक आहेत. तळ्यावरचं धुकं उशिरापर्यंत हलत नाही, कॉफीची फळं लाल व्हायला लागलीत. काल इनेने देपिक मासे आंबट रश्श्यात केले आणि लेकाला हे किती आवडायचं म्हणून स्वतः जेवलीच नाही; आईच ती. बहिणीचा फोन तू उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद कट करता येत नाही.

माझा प्रबंध पुरा झाला. विषय सांगते, पण पत्र फाडू नकोस. विचारलं की सगळं सांगून टाकणारं ते एआयचं शोधयंत्र, आणि परीक्षेत मोबाइल बंदिस्त करणारं ॲप, या दोघांबद्दल लोक काय लिहितात, त्याची तुलना. त्यातलं दुसरं ॲप तुझंच. ‘कुलूप’.

फाडलं नाहीस ना?

मोजणाऱ्या प्रोग्रॅमने चुटकीसरशी निकाल दिला: एआयवर लोक खूश, कुलपावर चिडलेले. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “यंत्राने मोजलं, आता तू वाच. माणसं आहेत ती.” मग वाचायला बसले आणि उठावंसंच वाटेना. केवढी माणसं, अबांग! आचेपासून पापुआपर्यंतची पोरं, त्यांच्या आया, त्यांचे मास्तर. एकाने एआयला पाच तारे देऊन लिहिलं होतं, “आजीच्या दुखण्याचं डॉक्टरने दोन शब्दांत उरकलं, याने न कंटाळता समजावलं.” वाचून मला भरून आलं. तिथेच खाली एक मुलगी लिहिते, “याला विचारल्याशिवाय आता निबंधाची पहिली ओळही सुचत नाही. फार छान ॲप.” तिचेही पाच तारे!

आणि तुला मात्र शिव्याशाप. “बनवणाऱ्याच्या भातात खडे निघोत.” “आईचा फोन आला तर याने भोंगा वाजवला, अख्खा वर्ग खिदळला.” पण त्यातच फ्लोरेसची एक मुलगी सापडली: “घाणेरडं ॲप. कुठेच डोकावता येत नाही. शेवटी गणित स्वतःच सोडवावं लागलं. सुटलं! मला येत होतं! एक तारा.” प्रोग्रॅमने तिला नाराजांत टाकलं होतं. मला त्या ओळीवरून पुढे जाववेना. मग तशी आणखी सापडत गेली, तुला शिव्या देता देता स्वतःच्याच डोक्याकडे थक्क होऊन बघणारी पोरं. बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

ते सगळं मी अमांना वाचून दाखवते. आपल्या वडिलांकडे आता वेळच वेळ आहे.

सगळे ठीक आहेत असं वर लिहिलं, ते खरं नाही. अमांनीच बजावलं होतं, त्याला कळवायचं नाही. रमजान संपला आणि त्यांची उजवी बाजू गेली. जन्मभर फळ्यावर गणितं लिहिणारा तो हात मांडीवर नुसता पडून असतो. बोलणंही जड झालंय.

ज्या दिवशी नेटवर्क पडलं, कुलपाने पोरांना परीक्षेतून बाहेर फेकलं आणि कॉफीच्या दुकानात सगळे कुलूपवाल्याचा बाप म्हणून अमांवर तुटून पडले, त्या दिवशी ते म्हणाले, “असला मुलगा माझा नाही.” तू दारात उभा होतास. ते वाक्य तेव्हापासून आपल्या घरात कुणी उच्चारलं नाही. आज मीच लिहिते आहे.

परवा दुपारी माझा मोबाइल घेऊन अमांनी डाव्या बोटाने एआयला विचारलं: मुलाला चारचौघांत नाकारलं, आता त्याला काय लिहू? क्षणात पत्र आलं. खोटं कशाला सांगू, सुंदर होतं. इने पदर डोळ्याला लावून म्हणाली, “हेच पाठवा.” अमा म्हणाले, “छान आहे. पण हे कुठल्याही बापाचं आहे.”

मग मला म्हणाले, “इपाक, पोरी, ते कुलूप लाव.”

“आता कसली परीक्षा, अमा?”

“लाव तू. माझा हात पुन्हा या शहाण्याकडे जायला नको.”

मी कुलपात प्रश्न न घालता कोरी उत्तरपत्रिका उघडून दिली. ओसरीत बसून ते लिहू लागले. लिहायचे, खोडायचे. मध्येच बोट भलतीकडे घसरलं आणि तुझा भोंगा केकाटला! कोंबड्या उडाल्या, शेजारची बाई लाटणं घेऊन धावत आली. आणि अमा हसले, अबांग. दुखण्यानंतर पहिल्यांदा, तिरक्या तोंडाने, पण पोट धरून. “पक्कं केलंय पोराने,” म्हणाले.

इने चहा ठेवून गेली, तो निवला. मी दारातून बघत होते. ज्या माणसाने कधी कुणाकडे उत्तर मागितलं नाही, तो घामाघूम होऊन एकेक अक्षर शोधत होता. जवळ जायची माझी छाती झाली नाही. ऊन उतरल्यावर त्यांनी हाक मारली. “पेपर जमा कर.”

होता तसा उतरवते आहे:

“विन, पोरा, तुझं काम चांगलं आहे. मी भ्यालो होतो. तू माझाच आहेस.”

गुण द्यायचे तुझ्या हातात.

दार लोटलेलंच ठेवणारी,
तुझी इपाक,
युस्रा