बेस ड्रमवरचा गणपती

अनीश,

उठलास की आधी एअरब्रशवाल्याला फोन कर. तो दहाला माझे ड्रम फवाऱ्याने रंगवायला घेणार आहे. काल मी केला होता, पण ऑर्डर तुझ्या नावावर असल्यामुळे तो माझं ऐकेना.

बेस ड्रमवर गणपती काढायचा नाही. तो ड्रम पायाने पेडल मारून वाजवतात. शनिवारी पॉटलकला सगळे आपापले पदार्थ घेऊन जमले, तिथे मी हे दोनदा म्हटलं, पण तेव्हा सोंड डावी की उजवी यावर तुमचं मतदान चाललं होतं. संजय म्हणाला, "वहिनी, पाय मागे, बाप्पा पुढे. टेन्शन नका घेऊ!" मघाशी चहा घेताना आईंना सांगितलं, तर त्यांनी कप खाली ठेवला. "अगं बाई, बाप्पाला रोज लाथा?" आता तुलाही पटेल.

तुला मला सरप्राइज द्यायचं होतं, हे कळतं मला. पण गॅरेज सेलमधून तो जुना ड्रमसेट मी आणला, वरचं तडकलेलं प्लास्टिक मी सोललं, आणि वाजवणारही मीच आहे. तू सगळ्या हर्नडन गावाला विचारलंस, फक्त मला सोडून.

मला चित्र नकोच आहे. गडद निळा रंग हवा, तोही पातळ, खालच्या लाकडाच्या रेषा दिसतील असा.

त्याने गणपती आधीच काढला असेल, तर तो ड्रम घरी आणून देव्हाऱ्याशेजारी ठेव. रोजची पूजा तू कर. मी उरलेले वाजवीन.

सुनेत्रा