तुमच्या भाषेत काहीही बोला

३ फेब्रुवारी, मंगळवार

हॉटेलात बँक्वेटची मीटिंग लांबली. रमझानच्या आधीचा शेवटचा इव्हेंट माझ्याच गळ्यात. जुन्या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमांची संध्याकाळ, सगळं ब्लॅक अँड व्हाइटच्या काळातलं. गुरुवारी १२ला, छोट्या हॉलमध्ये. इथेच स्थायिक झालेली म्हातारी गोरी मंडळी येणार. फिल्म्स मि. ॲलनच्या. उम्म अल कुवैनला राहतात, रिटायर्ड इंजिनियर, घरभर फिल्मचे डबे.

त्यांनी पोस्टरसाठी फोटो पाठवले होते. तिसरा उघडला आणि बघतच राहिले. इस्पितळातली खाट, उशीला टेकलेला एक सावळा तरुण. नाक, कपाळ, पुढे आलेले कान. हुबेहूब माझा सॅव्हिओ. पण नाटक सॅव्हिओच्या जन्माच्या वेळचं.

म्हणजे हे पप्पा. माझे सासरे. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, "मी इंग्लंडच्या टीव्हीवर होतो. बंदरातल्या इस्पितळाचं नाटक. आजारी खलाशी. दोन वाक्यं होती मला." सगळे हसायचे. सासूबाई हसत नसत. उठून आत जायच्या.

खरं होतं तर.

४ फेब्रु.

पप्पा आधीच जेवून झोपले होते. जेवताना दोघांना फोटो दाखवला. रिया म्हणाली, "दॅट्स डॅड विथ हेअर." सॅव्हिओने फोन हातात घेतला, बघितला, परत दिला. "असेल."

रिया उठून गेल्यावर म्हणाला, "मार्चचं तिकीट काढतोय त्यांचं. वसईला सिस्टरांच्या वृद्धाश्रमात जागा झालीय."

"मला विचारलं नाहीस."

"काय विचारायचं? माझीच नोकरी आता किती दिवसांची. रियाही जाईल शिकायला. व्हिजा, इन्शुरन्स, त्यांचे गुडघे. खलास."

हे कारण नव्हे. दोघांनाही माहीत आहे. सासूबाईंना दिवस होते तेव्हा पप्पा बोटीवर चढले. सॅव्हिओने बापाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चालत-बोलत होता. तोवर सासूबाई दुसऱ्याच्या केळीच्या वाडीत पाणी लावायच्या, हा बांधावर गोणपाटावर. "आणि हे तिकडे नाटकं करत होते." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय.

सासूबाई गेल्यावर पप्पांना मीच हट्टाने इथे आणलं. आता मीच काहीतरी करायला हवं.

६ फेब्रु., शुक्रवार

पप्पांना सांगितलं, तुमचं नाटक मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत, आपण सगळे जाऊ. वाटलं होतं, आनंदाने नाचायचे बाकी राहतील. पाव चहात बुडवला होता, तो तसाच विरघळला.

"कोणी सांगितलं ते शिल्लक आहे म्हणून? ते पुसून टाकतात. तेव्हाच पुसलं असणार."

मी मि. ॲलनचं सांगितलं. नाटक टीव्हीवर थेट व्हायचं, पण परदेशी पाठवायला टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून फिल्मवर उतरवून घ्यायचे. तसली एक प्रत त्यांच्या हाती लागलीय.

"आवाजासकट?"

"आवाजासकट."

मग गुडघा दुखतो म्हणाले.

८ फेब्रु., रविवार

मिस्साहून येताना गाडीत पप्पांना विचारलं. सॅव्हिओ पेट्रोल भरायला उतरला होता.

"काय बोलला होतात हो त्यात?"

"काहीतरी. मी बस धुवायच्या कामावर होतो. हिंदी माणूस पाहिजे म्हणून शोधत आले, मला उचललं. डायरेक्टर म्हणाला, तुमच्या भाषेत काहीही बोला, इथे कोणाला कळणार आहे?"

"मग काय बोललात?"

"लीना बाय, तू फार प्रश्न विचारतेस."

सॅव्हिओ आला. पप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. बरं दिसत नाही हे.

१० फेब्रु.

मि. ॲलन प्रोजेक्टर लावायला आले. उंच, वाकलेले, फार सभ्य. म्हणाले, तुमच्या सासऱ्यांचा सकाळी फोन आला होता. माझ्या मोबाइलवरून नंबर घेतला असणार. त्यांनी विचारलं, खाटेच्या प्रसंगात आवाज बंद ठेवता येईल का.

"मी म्हटलं, सर, त्यासाठीच तर लोक येतायत. त्यांनी थँक्यू म्हणून फोन ठेवला."

मला म्हणाले, पाहिजे तर तेवढं आधी बघून घ्या. तेवढ्यात किचनमधून बोलावणं आलं. परत येईपर्यंत त्यांनी फिल्म गुंडाळली होती. पुन्हा लावा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. भीतीच वाटली असावी.

घरी पप्पांना सांगितलं, नको असेल तर नका येऊ. ते कपाटासमोर उभे, कोट काढत होते. "सॅव्हिओ जाणार आहे?"

"हो म्हणालाय." (मीच गळ घातली. एकदा बघ, मग खुशाल तिकीट काढ, असं.)

"मग मलाही यायला पाहिजे."

१३ फेब्रु., शुक्रवार सकाळ

काल लिहवलं नाही.

हॉल भरला. आधी कार्यक्रमांपूर्वी टीव्हीवर दिसायचं ते घड्याळ, मग बो टाय लावलेला निवेदक, मग दोन कठपुतळ्यांचा मुलांचा कार्यक्रम. त्याची धून लागली तशी सगळी म्हातारी मंडळी एका सुरात गुणगुणायला लागली. एक बाई डोळे पुसत होत्या. मग प्रश्नमंजुषा, दोन विनोदी प्रवेश. रिया चक्क हसत होती. आम्ही दुसऱ्या रांगेत. पप्पा, मग मी, मग सॅव्हिओ, मग रिया. पप्पांचा हात खुर्चीच्या दांड्यावर.

नाटक सुरू झालं. धूर, बोटीचा भोंगा, नर्स धावतायत. कॅमेरा एकेका खाटेवरून सरकत आला आणि थांबला. पडद्यावर भिंतीएवढा सॅव्हिओ. मी सॅव्हिओकडे बघितलं. त्याचं तोंड किंचित उघडं होतं.

डॉक्टर इंग्रजीत विचारतो, काही सांगायचंय का? आणि तो तरुण, तापाने भरलेल्या डोळ्यांनी, थेट कॅमेऱ्यात बघून, आमच्या वसईच्या बोलीत बोलतो. मी साध्या मराठीत लिहिते.

"मुलगा झाला म्हणून तार आलीय. मी आता परत जाणार नाही."

एवढंच. डॉक्टर मान हलवतो. नर्स चादर ओढते. पुढच्या रांगेतले एक साहेब बायकोला हळू म्हणाले, फारच सुंदर, अगदी खरा वाटतो.

रियाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मम्मा, व्हॉट डिड ही से?" तिला आमची बोली येत नाही. मी तिचा हात धरून ठेवला. नाटक बराच वेळ चाललं, कोण मेलं कोण वाचलं मला सांगता येणार नाही. पप्पा पडद्याकडे बघत नव्हते. ते सॅव्हिओच्या बुटांकडे बघत होते.

शेवटी दिवे लागल्यावर मि. ॲलननी माइकवर सांगितलं की यातले एक कलाकार आज आपल्यात आहेत. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. पप्पांना उभं राहता येईना. मी उठणार, तेवढ्यात सॅव्हिओने माझ्यावरून वाकून त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. टाळ्या थांबेपर्यंत धरून ठेवलं. मग सोडून दिलं आणि गाडी काढायला निघून गेला.

गाडीत एसीचा आवाज.

१३, दुपार

पप्पा खोलीतून बाहेर आले नाहीत. पेज ठेवली, अर्धी खाल्ली. म्हणाले, "तुझ्या सासूला मी सांगितलं होतं. आल्यावर. तिला माहीत होतं." म्हणून त्या उठून आत जायच्या. मला हे कधी सुचलंच नाही.

सॅव्हिओ रास अल खोरला, वेअरहाउसमध्ये कामावर. मेसेज केला, तिकिटाचं काय. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

मी कशाला हे उकरून काढलं.

१४ फेब्रु., शनिवार

सकाळभर दोघं एकमेकांना चुकवत होते. आमच्या अल मनखूलच्या दोन खोल्यांत चुकवणार तरी किती. शेवटी अकराच्या सुमारास किचनमध्ये गाठ पडलीच. मी मासे साफ करत होते. पप्पा पाणी प्यायला आले, सॅव्हिओ फ्रिजशी उभा. बाजूला झाला नाही.

"मग परत आलात कशाला?"

पप्पांनी ग्लास ठेवला. मला वाटलं, पडतायत की काय. मी हात धुवायला नळ सोडला, सॅव्हिओ म्हणाला, "लीना, नळ बंद कर."

पप्पा म्हणाले, "मी तुझा फोटो मागवला होता. तुझ्या आईला लिहिलं, पोराचा एक फोटो काढून पाठव. तिने नाही पाठवला. पुन्हा लिहिलं. तिने कळवलं, फोटो मिळणार नाही. बघायचं असेल तर येऊन बघा."

"आणि लगेच आलात?"

"नाही. लगेच नाही आलो."

"किती दिवसांनी?"

"तू मोठा झाला होतास."

सॅव्हिओने फ्रिजचं दार उघडलं, पुन्हा लावलं. काहीच काढलं नाही. त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा बघितला नव्हता. रागावलेला म्हणवत नाही. दुसरा शब्दही सापडत नाही.

"ते पडद्यावर बोललात ते खरं होतं?"

"त्या दिवशी खरं होतं," पप्पा म्हणाले. "खोटं सांगू का तुला आता?"

खाली कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मग सॅव्हिओने डायनिंगची खुर्ची ओढून आणली, पप्पांना बसवलं, आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"बघितल्यावर काय वाटलं?"

मी मासे तसेच ठेवले, हात पुसले, बेडरूममध्ये आले. रिया दारात उभी होती, तिलाही आत ओढलं. दार लावून घेतलं.

पप्पांचा आवाज येतोय. आता सॅव्हिओचा. काय बोलतायत ते कळत नाही.

रिया म्हणते, "शुड वी गो आउट?"

म्हटलं, थांब.